आलेखाखालचे क्षेत्रफळ ऋण येते, फुगत जाते किंवा दर वेळी बदलते: कारणे आणि उपाय

चतुर्थीची सुट्टी संपून पहिल्या सत्राच्या परीक्षा जवळ आल्या, की गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे या भागांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांकडून ठरावीक तक्रारी पुन्हा पुन्हा येऊ लागतात. आलेख पूर्णपणे आडव्या अक्षाच्या वर असूनही क्षेत्रफळ ऋण आले. संगणकावर भाग दुप्पट केले तर उत्तरही दुप्पट झाले. दोघांनी एकाच फलनासाठी वेगवेगळे बिंदू निवडले, तर एकाला शून्य मिळाले आणि दुसऱ्याला एक. या तिन्ही तक्रारींत आकडेमोड बहुधा बरोबर असते. गडबड तिच्या आधीच झालेली असते, कारण आलेखाखालच्या त्या आकृतीला क्षेत्रफळ आहे की नाही हे न पाहताच ते काढायला घेतलेले असते.

क्षेत्रफळ ‘आहे’ म्हणजे काय

नदीकाठच्या एखाद्या खाजन शेताचा (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीचा) वाकडातिकडा नकाशा आलेख कागदावर काढलेला आहे असे समजा. त्याचे क्षेत्रफळ काढताना आपण दोन प्रकारे चौकोन मोजू शकतो. पूर्णपणे शेताच्या आत बसणारे चौकोन तेवढे मोजले, तर आकडा थोडा कमी येतो. शेताला कुठेही स्पर्श करणारे सगळे चौकोन मोजले, तर थोडा जास्त येतो. चौकोन बारीक करत गेल्यावर या दोन मोजण्यांमधला फरक शून्याकडे जात असेल, तर ज्या एका आकड्यावर त्या दोन्ही येऊन मिळतात तो आकडा म्हणजे क्षेत्रफळ. फरक शून्याकडे जात नसेल, तर या अर्थाने त्या आकृतीला क्षेत्रफळच नाही. गणितज्ञ पेआनो यांनी १८८७ मध्ये आणि जॉर्डन यांनी १८९२ मध्ये ही कल्पना काटेकोरपणे मांडली. तिच्यातून निघणारा निष्कर्ष सोपा आहे: परिबद्ध, म्हणजे ठरावीक मर्यादेत मावणाऱ्या, आकृतीला क्षेत्रफळ असते ते नेमके तेव्हाच, जेव्हा तिच्या कडेला स्वतःचे क्षेत्रफळ शून्य असते. शेताचा बांध कितीही वळणे घेत गेला तरी कागदावर ती एक रेघच असते, म्हणून नकाशावर ही अडचण सहसा येत नाही. फलनांच्या बाबतीत मात्र कड रेघेसारखीच राहील याची शाश्वती नसते, आणि पुढचा सगळा विषय त्यातूनच निघतो.

आलेखाखालच्या आकृतीसाठी हीच मोजणी उभ्या पट्ट्यांनी करता येते. अंतरालाचे (आडव्या अक्षावरच्या ज्या भागावर क्षेत्रफळ हवे त्याचे) तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्यावर फलनाची जी सर्वांत खालची पातळी असेल तेवढ्या उंचीचा आयत आत बसवावा आणि जी सर्वांत वरची पातळी असेल तेवढ्या उंचीचा आयत बाहेरून घ्यावा. आतल्या आयतांची बेरीज ती खालची बेरीज आणि बाहेरच्यांची ती वरची बेरीज. ही मांडणी दार्बू यांची, १८७५ मधली. रीमान यांनी १८५४ च्या आपल्या प्रबंधात, जो त्यांच्या निधनानंतर १८६८ मध्ये छापला गेला, समाकलाची जी व्याख्या दिली होती, तिच्याशी ही मांडणी तंतोतंत जुळते. परिबद्ध आणि ऋण नसलेल्या फलनासाठी पट्ट्यांची मोजणी आणि चौकोनांची मोजणी एकाच निकालावर पोहोचतात: फलन रीमानच्या अर्थाने समाकलनीय असेल, म्हणजे खालची आणि वरची बेरीज एकाच आकड्यावर येऊन मिळत असतील, तर आकृतीला क्षेत्रफळ असते, नसेल तर नसते.

तक्रार पहिली: उत्तर ऋण आले

नेहमीचा अपराधी आहे −१ ते १ या अंतरालावरचे १/क्ष². विद्यार्थी प्रतिअवकलज (ज्याचा अवकलज हे फलन येते तो) −१/क्ष घेतो, वरच्या टोकाला −१ आणि खालच्या टोकाला १ मांडतो, वजाबाकी करतो आणि −२ हे उत्तर लिहून मोकळा होतो. ज्या फलनाची प्रत्येक किंमत धन आहे त्याखालचे क्षेत्रफळ उणे दोन कसे असेल, हा प्रश्न तरी त्याला पडायला हवा होता. पण सूत्र हाताशी असले की डोळ्यांकडे लक्ष जात नाही.

कारण असे, की शून्यापाशी हे फलन आकाशाला भिडते. अंतरालाचे तुकडे कसेही पाडले तरी शून्याजवळच्या तुकड्यावर फलनाला वरची पातळीच नसते, म्हणून वरची बेरीज कधीच सांत होत नाही. सूत्र वापरण्याची अट, म्हणजे प्रतिअवकलज संपूर्ण अंतरालावर अस्तित्वात असणे, इथे शून्यापाशी मोडलेली आहे. उपाय म्हणून शून्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून हिशेब करून पाहावा. ०.०१ ते १ पर्यंतचे क्षेत्रफळ ९९ येते, म्हणजे दोन्ही बाजू धरून १९८. सोडलेली जागा ०.००१ केली की दोन्ही बाजूंचे मिळून १९९८ होते. हा आकडा कुठेही थांबणार नाही हे यावरून दिसतेच, आणि उत्तरपत्रिकेत ‘क्षेत्रफळ अनंत आहे’ असे लिहिणे हेच बरोबर उत्तर असते.

फलन अपरिबद्ध असले की क्षेत्रफळ अनंतच असते, असा उलट टोकाचा समज मात्र करून घेऊ नये. ० ते १ वरचे १/√क्ष हेही शून्यापाशी अनंताकडे जाते. त्याच्याकडे ह या लहान धन संख्येपासून १ पर्यंत पाहिले, तर क्षेत्रफळ २ − २√ह येते आणि ह शून्याकडे नेला की ते शांतपणे २ वर स्थिरावते. थेट रीमानच्या व्याख्येत हे फलन बसत नाही, कारण वरची बेरीज इथेही अनंतच आहे; आधी कडेची जागा सोडून मग सीमा घ्यावी लागते. अशा समाकलाला पुस्तकांत अनुचित समाकल म्हणतात. फलन ऋण नसेल तर या वाटेने मिळालेले उत्तर भरवशाचे असते.

फलन ऋणही होत असेल, तर आणखी एक खाच आहे. −१ ते १ वर १/क्ष घेतले, तर पुष्कळ जण ‘दोन्ही बाजू सारख्या, म्हणून शून्य’ असे लिहितात. डावीकडे शून्याच्या ह इतक्या अंतरावर थांबलो आणि उजवीकडे २ह पासून सुरुवात केली, तर उत्तर शून्य येत नाही. ते उणे लॉग २, म्हणजे सुमारे −०.६९३ येते, आणि ह कितीही लहान केला तरी तेच राहते. जागा कशी सोडली यावर उत्तर अवलंबून असेल, तर ते आकृतीचे क्षेत्रफळ नव्हे. खरे तर दोन्ही बाजूंची क्षेत्रफळे स्वतंत्रपणे अनंत आहेत, आणि अनंतातून अनंत वजा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

तक्रार दुसरी: संगणकावर उत्तर फुगत जाते

संगणकाच्या तक्त्यात किंवा छोट्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक तुकड्याचा मध्यबिंदू घेऊन बेरीज करणारे विद्यार्थी आता बरेच आहेत, आणि ती सवय चांगलीच आहे. वरच्याच १/क्ष² साठी −१ ते १ चे १००० समान तुकडे केले तर सुमारे ४९३३ येतात, २००० केले तर सुमारे ९८६८. तुकडे दुप्पट, उत्तरही जवळजवळ दुप्पट. शून्य हे तुकड्याच्या टोकाला पडते, मध्यावर पडत नाही, म्हणून संगणक शून्याने भागाकार झाल्याची तक्रारही करत नाही आणि एक नीटनेटका, पूर्णपणे निरर्थक आकडा पुढे ठेवतो.

याउलट १/√क्ष साठी ० ते १ वर १०० तुकड्यांना सुमारे १.९४ आणि १०,००० तुकड्यांना सुमारे १.९९४ येते. प्रगती रडतखडत आहे, पण दिशा स्पष्ट आहे. तेव्हा तपासणीची पद्धत अशी ठेवावी, की एकाच तुकडेसंख्येवर कधीच विश्वास ठेवू नये. संख्या दुप्पट करत तीन-चार वेळा उत्तर पाहावे. ते स्थिरावत असेल तर पुढे विचार करायला जागा आहे. वाढतच असेल तर संगणक बंद करून फलनाकडे पाहावे. आणि स्थिरावले म्हणजे क्षेत्रफळ सिद्ध झाले असेही समजू नये, कारण १/क्ष ला हाच प्रोग्रॅम प्रत्येक वेळी आज्ञाधारकपणे जवळजवळ शून्य देतो.

‘उडीच्या क्षणी किंमत कोणती धरायची?’

ही खरे तर तक्रार नव्हे, शंका आहे. पण प्रकल्पाच्या दिवसांत ती फार येते. खाजनातल्या मानशीतून (पाणी आतबाहेर सोडणाऱ्या फळ्यांच्या दारातून) ओहोटीच्या वेळी किती पाणी बाहेर गेले हे काढायचे आहे असे समजा. मानशीच्या फळ्या उचलल्या, की प्रवाह शून्यावरून एकदम वर उडी घेतो, मग खाजनातली पातळी उतरत जाते तसा कमी होत जातो, आणि फळ्या पुन्हा टाकल्या, की परत शून्य. प्रवाहाच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे बाहेर गेलेले पाणी. फळ्या उचलण्याच्या नेमक्या क्षणी प्रवाह शून्य धरायचा, की १.८ घनमीटर प्रति सेकंद?

कोणताही धरला तरी चालतो. त्या क्षणाभोवती दोन सेकंदांची पट्टी घेतली, तर वरच्या आणि खालच्या बेरजेत त्या पट्टीमुळे पडणारा फरक जास्तीत जास्त ३.६ घनमीटर, पट्टी दोन शतांश सेकंदाची केली तर ०.०३६. पट्टी हवी तेवढी अरुंद करता येते, म्हणून एका उडीमुळे क्षेत्रफळाला काहीच धक्का लागत नाही, आणि दहा उड्या असल्या तरी नाही. फलन परिबद्ध असेल आणि खंडिततेचे बिंदू, म्हणजे आलेख तुटण्याची ठिकाणे, मोजके असतील, तर निश्चिंतपणे तुकडे पाडून बेरीज करावी. शून्यापाशी अनंत वेळा खालीवर होणारे साइन(१/क्ष) सुद्धा ० ते १ वर याच नियमाने सुटते, कारण त्याची घुसळण कितीही भयंकर दिसली तरी ती एकाच बिंदूपाशी साचलेली आहे आणि फलन −१ व १ यांच्या बाहेर जात नाही.

प्रकल्पात खरी अडचण असते ती दोन नोंदींच्या मध्ये प्रवाहाचे काय झाले हे ठाऊक नसण्याची. इथे एक जुना नियम फार उपयोगी पडतो: फलन सतत उतरते (किंवा सतत चढते) एवढे जरी माहीत असेल, तरी ते नक्कीच समाकलनीय असते, आणि समान तुकड्यांसाठी वरच्या व खालच्या बेरजेतला फरक म्हणजे दोन टोकांच्या किमतींमधला फरक गुणिले एका तुकड्याची रुंदी. प्रवाह सहा तासांत १.८ वरून ०.२ पर्यंत उतरला आणि तासाला एक नोंद असली, तर अनिश्चितता १.६ × ३६००, म्हणजे ५७६० घनमीटर. अर्ध्या तासाला नोंद घेतली तर २८८०. प्रकल्पाच्या वहीत अंतिम आकड्याच्या शेजारी हा आकडाही लिहावा. परीक्षक त्याकडे कौतुकाने पाहतात.

तक्रार तिसरी: एकाला शून्य, दुसऱ्याला एक

आता मुख्य दुखणे. डिरिक्ले यांनी १८२९ मध्ये पुढे आणलेले फलन ० ते १ वर घेऊ: क्ष परिमेय असेल तर किंमत १, अपरिमेय असेल तर ०. प्रत्येक तुकड्यात, तो कितीही लहान असो, दोन्ही जातींच्या संख्या असतात. म्हणून प्रत्येक तुकड्यावर वरची पातळी १ आणि खालची पातळी ०. वरची बेरीज नेहमी १, खालची नेहमी ०. ज्याने परिमेय बिंदू निवडले त्याला १ मिळाले, ज्याने √२ च्या मदतीने अपरिमेय बिंदू निवडले त्याला शून्य. दोघांचीही आकडेमोड बरोबर आहे आणि क्षेत्रफळ, रीमानच्या अर्थाने, नाही. संगणकाला विचारून हा वाद मिटणार नाही, कारण संगणकात साठवलेली प्रत्येक दशांश संख्या परिमेय असते आणि तो कायम १ च्याच बाजूने साक्ष देतो. आलेखाखालच्या आकृतीची कड इथे एक रेघ राहिलेली नाही. संपूर्ण एकक चौकोन हीच तिची कड आहे.

इथपर्यंत वर्गात सगळे मान डोलावतात. गोंधळ सुरू होतो तो थोमाए यांचे १८७५ मधले फलन फळ्यावर आले की. अपरिमेय क्ष साठी किंमत ०, आणि संक्षिप्त रूपातील प/क या अपूर्णांकासाठी किंमत १/क. म्हणजे १/२ ला अर्धा, २/३ ला एक तृतीयांश, ३/७ ला एक सप्तमांश. ० आणि १ ला १. हे फलन प्रत्येक परिमेय बिंदूवर खंडित आहे, म्हणजे कुठल्याही तुकड्यात त्याला अनंत उड्या आहेत, आणि तरीही त्याला क्षेत्रफळ आहे: शून्य.

हे डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. ज्या ठिकाणी किंमत १/१० किंवा अधिक आहे, असे बिंदू ० ते १ मध्ये किती? छेद १ ते १० असलेले संक्षिप्त अपूर्णांक मोजले तर ते ३३ भरतात, दोन्ही टोके धरून. या प्रत्येकाभोवती १/३३० रुंदीची पट्टी ठेवावी. सगळ्या पट्ट्यांची मिळून रुंदी फार तर १/१०, उंची फार तर १. म्हणून वरच्या बेरजेत त्यांचा वाटा फार तर १/१०. उरलेल्या सगळ्या जागेत फलनाची किंमत १/१० पेक्षा कमी आणि रुंदी फार तर १. म्हणून त्यांचाही वाटा १/१० पेक्षा कमी. वरची बेरीज १/५ च्या आत आली. १/१० च्या जागी १/१०० घेतले तर उंच बिंदू ३०४५ होतात. ते पुष्कळ आहेत, पण मोजके आहेत, आणि पट्ट्या त्या प्रमाणात अरुंद केल्या की वरची बेरीज १/५० च्या आत येते. खालची बेरीज तर शून्यच आहे. दोन्ही मोजण्या शून्यावर भेटल्या.

मग डिरिक्ले नापास आणि थोमाए पास, असे का? इथे दर वर्षी एक ठरावीक चुकीचे उत्तर येते: ‘डिरिक्लेचे फलनसुद्धा फक्त परिमेय बिंदूंवरच वेगळे आहे, आणि परिमेय संख्या तर मोजता येण्यासारख्या आहेत, मग तेही चालायला हवे.’ या वाक्यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. फलन कुठे शून्याहून वेगळे आहे हा एक प्रश्न, आणि ते कुठे खंडित आहे हा दुसरा. डिरिक्लेचे फलन शून्याहून वेगळे फक्त परिमेय बिंदूंवर आहे, पण खंडित मात्र सर्वत्र आहे, कारण अपरिमेय बिंदूच्याही कितीही जवळ किंमत १ असलेले बिंदू सापडतात. थोमाएच्या फलनात अपरिमेय बिंदूजवळ जाताना अपूर्णांकांचे छेद वाढतच जावे लागतात, त्यामुळे किमती शून्याकडे जातात आणि फलन तिथे संतत राहते. क्षेत्रफळासाठी महत्त्वाचा आहे तो दुसरा प्रश्न.

विसाव्या शतकाच्या आरंभी लेबेग यांनी दिलेली कसोटी नेमके हेच सांगते: परिबद्ध फलन रीमानच्या अर्थाने समाकलनीय असते ते तेव्हाच, जेव्हा त्याच्या खंडिततेच्या बिंदूंचा संच शून्य मापाचा असतो. शून्य मापाचा म्हणजे, कितीही लहान लांबी ह ठरवली तरी तेवढ्या एकूण लांबीच्या अंतरालांनी तो झाकता येतो. ही अंतराले अनंत असली तरी चालतात, फक्त त्यांची पहिले, दुसरे, तिसरे अशी रांग लावता आली पाहिजे. परिमेय संख्यांची अशी रांग लावता येते. पहिलीला ह/२, दुसरीला ह/४, तिसरीला ह/८ अशी अंतराले दिली की एकूण लांबी ह च्या पुढे जात नाही.

शून्य माप म्हणजे ‘बिंदू थोडे’ असेही नव्हे. दर वेळी मधला एक तृतीयांश भाग काढून टाकत मिळणारा कॅन्टरचा संच असा आहे, की त्यातल्या बिंदूंची रांगही लावता येत नाही. तरी त्याचे माप शून्य आहे, आणि त्या संचावर १ व इतरत्र ० असणाऱ्या फलनाला क्षेत्रफळ आहे. आता याच कृतीत काढायचे तुकडे लहान करावेत: पहिल्या पायरीला मधला १/४ लांबीचा एक, दुसऱ्या पायरीला १/१६ लांबीचे दोन, तिसऱ्या पायरीला १/६४ लांबीचे चार. काढलेल्या तुकड्यांची एकूण लांबी १/४ + १/८ + १/१६ + … म्हणजे १/२ होते, आणि उरलेल्या संचाचे माप १/२ राहते, जरी त्यात एकही सलग अंतराल उरलेले नसते. या संचावर १ असलेल्या फलनाची खालची बेरीज नेहमी शून्य आणि वरची कधीच १/२ च्या खाली येत नाही. दोन्ही संच कागदावर जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून चित्र काढून निर्णय देण्याचा मोह इथे टाळावा.

‘मग पुस्तकात डिरिक्लेच्या फलनाचा समाकल शून्य असे कसे लिहिले आहे?’ ही शंका पुढच्या वर्गातल्यांची. ते लेबेगचे समाकलन आहे, १९०२ च्या त्यांच्या प्रबंधातले. त्यात आकृती झाकायला अनंत आयतांची रांग वापरण्याची मुभा असते, आणि परिमेय बिंदूंवर उभ्या असलेल्या रेघा तशा झाकल्या की एकूण क्षेत्रफळ शून्य येते. जॉर्डनच्या मोजणीत आयत मोजकेच हवेत, आणि मोजक्या आयतांनी त्या रेघा झाकायच्या तर अख्खा चौकोन झाकावा लागतो. म्हणून उत्तर लिहिताना कोणत्या अर्थाने ते स्पष्ट लिहावे: रीमानच्या अर्थाने नाही, लेबेगच्या अर्थाने शून्य. लेबेगच्या अर्थानेही माप नसलेले संच असतात, विताली यांनी १९०५ मध्ये ते दाखवले. पण त्यासाठी निवडीचे गृहीतक (अनंत संचांतूनही प्रत्येकी एक घटक निवडता येतो हे) वापरावे लागते, आणि सूत्र लिहून दिलेल्या फलनातून ते अवचित समोर उभे राहत नाहीत.

उरलेल्या दोन लहान गोष्टी

‘प्रतिअवकलज सापडला, म्हणजे क्षेत्रफळ आहेच’ ही समजूत परिबद्ध फलनांच्या बाबतीतही खोटी ठरू शकते. एखाद्या फलनाचा अवकलज सर्वत्र अस्तित्वात आहे, परिबद्धही आहे, आणि तरी रीमानच्या अर्थाने समाकलनीय नाही, असे उदाहरण वोल्टेरा यांनी १८८१ मध्ये रचले. त्याच्या मुळाशी वरच्यासारखाच, अंतराल नसलेला पण माप असलेला संच आहे. नेहमीच्या पेपरांत हे येत नाही. सूत्र वापरण्यापूर्वी ‘फलन या बंद अंतरालावर संतत आहे’ हे एक वाक्य लिहिण्याची सवय मात्र ठेवावी. गुण बहुतेक वेळा त्याच वाक्याला असतात.

अंतराल अनंतापर्यंत जात असेल तर तोडगा कडेची जागा सोडण्यासारखाच आहे: एका मोठ्या संख्येपाशी थांबून ती संख्या वाढवत न्यावी. १ पासून पुढे १/क्ष² खाली क्षेत्रफळ १ आहे, १/क्ष खाली अनंत. (साइन क्ष)/क्ष चा ० पासून अनंतापर्यंतचा समाकल पायचा अर्धा येतो खरा, पण तो समाकल आहे, क्षेत्रफळ नव्हे: अक्षाच्या वरच्या सगळ्या लाटांचे क्षेत्रफळ अनंत, खालच्यांचेही अनंत, आणि लाटा क्रमाने वजा करत गेल्यामुळेच उत्तर थांबते. ‘आलेख आणि अक्ष यांमधले क्षेत्रफळ काढा’ असा प्रश्न असेल, तर निरपेक्ष किंमत घेऊन हिशेब करावा. ० ते २ पाय वर साइनसाठी समाकल ० येतो, क्षेत्रफळ ४, आणि प्रश्नात विचारलेले असते ते दुसरे.